दोन हजारांनी काय होणार?

प्रश्न (भालकीहून एक शिक्षक) : मी सरकारी मराठी शाळेत शिक्षक आहे. वय ४७. पाच वर्षांपूर्वी भालकीत घर बांधण्यासाठी एका गृहवित्त कंपनीकडून २० लाखांचे कर्ज घेतले. मुदत २० वर्षे, बदलता दर, सध्या ८.५ टक्के, आधीही तो याच्याच आसपास होता. हप्ता १७,३५६ रुपये, एकही चुकवलेला नाही. परवा खात्याचा उतारा काढला तर बाकी १७ लाख ६२ हजार दिसली. दहा लाखांच्या वर भरून झाले, मग एवढी बाकी कशी? आता दरमहा दोन हजार जादा भरावेत असे मनात आहे. कंपनीच्या कार्यालयातले एक ओळखीचे म्हणतात, 'गुरुजी, दोन हजारांनी काय होणार?' मेहुणे म्हणतात, त्यापेक्षा एसआयपी करा. वडील म्हणतात, डोक्यावर कर्ज ठेवू नये. कोणाचे ऐकावे?

उत्तर : गुरुजी, उतारा बरोबर आहे. तुमचे आकडे घेऊन मी हिशेब पुन्हा मांडला. साठ हप्त्यांचे होतात १० लाख ४१ हजार. त्यातले मुद्दलात गेले फक्त २ लाख ३७ हजार. उरलेले आठ लाख व्याजाचे. हे वाचून पोटात खड्डा पडेल, पण तुम्हाला कोणी फसवलेले नाही. समान हप्त्याच्या कर्जाची घडणच अशी असते.

पहिल्या महिन्याचे पाहा. २० लाखांवर साडेआठ टक्क्यांनी महिन्याचे व्याज १४,१६७ रुपये. तुमच्या १७,३५६ मधून कंपनीने आधी ते वळते करून घेतले आणि राहिलेले ३,१८९ रुपये मुद्दलात टाकले. दुसऱ्या महिन्यात बाकी तेवढी घटली, म्हणून व्याज २३ रुपयांनी कमी लागले आणि मुद्दलात २३ रुपये जास्त गेले. अशा मुंगीच्या पावलांनी मुद्दलाचा वाटा वाढत जातो. तो व्याजाच्या वाट्यापेक्षा मोठा व्हायला जवळजवळ बारा वर्षे लागतात. दर कायम धरला तर वीस वर्षांत तुम्ही एकूण ४१ लाख ६५ हजार भराल. म्हणजे व्याज २१ लाख ६५ हजार, मुद्दलापेक्षाही जास्त.

आपल्याकडे दामदुप्पट हा शब्द अजून म्हाताऱ्या माणसांच्या तोंडी आहे. जुन्या हिंदू कायद्याचा तो नियम : सावकाराला एका वेळी मुद्दलाहून जास्त व्याज मागता येणार नाही. मुंबई इलाख्यातल्या न्यायालयांनी इंग्रजी अमदानीतही तो मानला. आजच्या हप्त्याच्या कर्जाला तो लागू होत नाही, कारण इथे व्याज तुंबतच नाही, महिन्याच्या महिन्याला भरले जाते. पण वीस वर्षांची बेरीज दामदुपटीच्या पुढे जाते हे खरे, आणि ती रोखणे आता कर्ज घेणाऱ्याच्याच हातात आहे.

आता तुमच्या दोन हजारांकडे येतो. तुमच्या ओळखीच्या गृहस्थांनी दोन हजारांची तुलना साडेसतरा लाखांशी केली, म्हणून ते त्यांना क्षुल्लक वाटले. तुलना करायची ती हप्त्यातल्या मुद्दलाच्या वाट्याशी. या महिन्यात तुमचे व्याज सुमारे १२,४८५ रुपये आणि मुद्दल ४,८७१ रुपये. महिन्याचे व्याज हप्त्यातून आधीच कापले गेलेले असते, म्हणून त्यावर भरलेल्या पैशावर व्याजाचा काही हक्क उरत नाही. ते दोन हजार पूर्णच्या पूर्ण मुद्दलात जातात. म्हणजे ४,८७१ च्या जागी ६,८७१. कर्ज फिटण्याचा वेग एका महिन्यात ४१ टक्क्यांनी वाढला. आणि त्या दोन हजारांवरचे व्याज पुढल्या महिन्यापासून कायमचे बंद.

याचा शेवट कुठे होतो ते सांगतो. दर हाच राहिला तर तुमचे आणखी १८० हप्ते आहेत. दोन हजार जादा भरलेत तर १४७ मध्ये कर्ज संपते. तेहेतीस हप्ते कमी, आणि खिशात राहिलेले व्याज सुमारे २ लाख ८४ हजार.

पण गुरुजी, तुमच्या पत्रात मला सर्वांत महत्त्वाचा वाटला तो आकडा वयाचा. ४७ आणि १५ म्हणजे ६२. कर्नाटकात शिक्षक साठाव्या वर्षी निवृत्त होतो. तुमची नेमणूक १ एप्रिल २००६ नंतरची असेल तर तुम्ही नव्या निवृत्तिवेतन योजनेत आहात. तिथे ठरावीक पेन्शनची हमी नाही, जमा झालेल्या रकमेवर पुढचे अवलंबून. म्हणजे पगार थांबल्यावर आणखी दोन वर्षे सतरा हजारांचा हप्ता, तोही निवृत्तीच्या पैशातून. दोन हजार जादा भरलेत तर शेवटचा हप्ता तुम्ही ५९ वर्षांचे असताना जातो, नोकरीत असतानाच. माझ्या मते एवढे एकच कारण पुरेसे आहे. वडिलांचे ऐका.

हेच पहिल्या महिन्यापासून केले असते तर तेहेतीसच्या जागी त्रेपन्न हप्ते वाचले असते आणि साडेपाच लाखांचे व्याज. तुम्हाला हळहळ वाटावी म्हणून नाही, ज्यांचे कर्ज यंदाच मंजूर झाले आहे त्यांच्यासाठी हे लिहितो. पहिल्या महिन्यात जादा भरलेले दोन हजार वीस वर्षांच्या शेवटच्या हप्त्यांतले सुमारे १०,८०० रुपये उडवतात. शेवटच्या वर्षी भरलेल्या दोन हजारांत ती ताकद नसते.

भरायला सुरुवात करण्याआधी मात्र एकदा कंपनीच्या कार्यालयात जा आणि विचारा, आज नव्या माणसाला तुम्ही काय दराने कर्ज देता? फेब्रुवारी ते डिसेंबर २०२५ या काळात रिझर्व्ह बँकेने रेपो दर ६.५० वरून ५.२५ टक्क्यांवर आणला. बँकांनी ऑक्टोबर २०१९ नंतर दिलेली बदलत्या दराची गृहकर्जे रेपोसारख्या बाहेरच्या दराला बांधलेली असतात, त्यामुळे तिथे कपात आपोआप उतरते. गृहवित्त कंपन्यांवर ते बंधन नाही. त्यांचा दर त्या स्वतः ठरवतात, आणि जुना ग्राहक गप्प बसला तर जुन्याच दराने भरत राहतो. एकदाच थोडे शुल्क भरून दर खाली आणता येतो. तुमचा दर साडेआठवरून साडेसातवर आला आणि हप्ता तुम्ही तोच ठेवलात, तर १८० चे १६२ होतात. त्यावर दोन हजार जादा भरलेत तर १३६. कंपनी हलत नसेल तर कर्ज दुसऱ्या बँकेत नेता येते. त्याचा खर्च आधी विचारून घ्या.

दर कमी झाला की आपण चूक करतो ती अशी : हप्ता कमी करून मागतो. हजारभर रुपये हातात आल्यासारखे वाटतात आणि महिन्याभरात कुठे जातात ते कळत नाही. हप्ता तोच ठेवणे म्हणजे खिशाला न कळता केलेला जादा भरणाच. दर वाढतो तेव्हा उलट घडते. मे २०२२ ते फेब्रुवारी २०२३ मध्ये रेपो दर ४ वरून साडेसहा टक्क्यांवर गेला तेव्हा अनेकांचा हप्ता तोच राहिला आणि मुदत गुपचूप लांबली. म्हणून ऑगस्ट २०२३ मध्ये रिझर्व्ह बँकेला आदेश काढावा लागला की दर बदलताना हप्ता वाढवायचा, मुदत वाढवायची की काही रक्कम आधी भरायची, हे कर्जदाराला विचारले पाहिजे. वर्षातून एकदा उतारा काढून उरलेले हप्ते मोजा.

जादा भरण्यावर दंड लागेल का, असे तुम्ही विचारले नाही, पण ही भीती आपल्या भागात फार आहे. बदलत्या दराच्या गृहकर्जावर असे शुल्क घ्यायला गृहवित्त कंपन्यांना राष्ट्रीय आवास बँकेने ऑक्टोबर २०११ मध्ये आणि बँकांना रिझर्व्ह बँकेने जून २०१२ मध्ये मनाई केली. १ जानेवारी २०२६ पासून मंजूर होणाऱ्या कर्जांसाठी नियम आणखी स्पष्ट झाला आहे : पैसा कुठून आणला हे विचारायचे नाही, आणि अमुक महिने थांबा अशी अटही घालायची नाही. दर स्थिर असेल तर मात्र करारपत्र वाचा. सौहार्द सहकारी संस्थेचे कर्ज असेल तरीही वाचा. बिदर-कलबुर्गीत या संस्था गल्लोगल्ली आहेत. त्या १९९७ च्या राज्य कायद्याखाली चालतात, बँका नव्हेत, आणि रिझर्व्ह बँकेचा हा नियम त्यांना लागत नाही. तिथे आणखी एक गोष्ट विचारा : व्याज महिन्याच्या बाकीवर लावता की वर्षाच्या सुरुवातीच्या बाकीवर? वर्षाच्या बाकीवर लावत असतील तर मधल्या महिन्यांत जादा भरून उपयोग नाही. वर्ष संपण्याच्या तोंडावर भरा.

पैसे भरताना तोंडी सांगू नका. जादा रक्कम पुढच्या हप्त्याची आगाऊ रक्कम म्हणून पडून राहिली, मुद्दल घटलेच नाही, असे होते. अर्जात तीन गोष्टी लिहा : ही रक्कम मुद्दलात जमा करावी, हप्ता तोच ठेवावा, मुदत कमी करावी. अर्जाच्या प्रतीवर शिक्का आणि तारीख घ्या. समोरचा कर्मचारी बहुधा कन्नड बोलणारा असेल. आपली मराठी त्याला कळेलच असे नाही आणि सगळ्यांचीच कन्नड पक्की नसते, तेव्हा चार शब्द ध्यानात असू द्या. कर्ज म्हणजे साल, व्याज म्हणजे बड्डी, हप्ता म्हणजे कंतु, आणि मुद्दल म्हणजे असलु. रक्कम असलुमध्ये जमा करा, एवढे म्हटले तरी काम होते. काही कंपन्या फुटकळ दोन हजार घेत नाहीत, किमान एक-दोन हप्त्यांइतकी रक्कम मागतात. तसे असेल तर हप्ताच वाढवून १९,३५६ करून मागा. तेही नाही म्हणाले तर दोन हजार आवर्ती ठेवीत साठवा आणि सहा-आठ महिन्यांनी एकरकमी भरा.

मेहुण्यांचे म्हणणे टाकाऊ नाही. शेअर बाजारातला पैसा लांबच्या मुदतीत साडेआठ टक्क्यांहून जास्त वाढू शकतो. पण 'शकतो' आणि 'वाढतो' यांत अंतर आहे, आणि कर्जावरचे वाचलेले साडेआठ टक्के हमखास आहेत. मुदत ठेवीशी तुलना केली तर प्रश्नच नाही. ठेवीचे व्याज कमी, आणि ते उत्पन्नात धरले जाते. प्राप्तिकरात सूट मिळते म्हणून कर्ज ठेवावे, हा सल्लाही आता जुना झाला. नव्या करपद्धतीत राहत्या घराच्या व्याजाची वजावट नाही, आणि २०२५-२६ पासून त्या पद्धतीत १२ लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर करच लागत नाही. शिक्षकाच्या पगारात सूट मिळवण्यासाठी व्याज भरत बसण्यात अर्थ नाही.

फक्त दोन गोष्टी आधी. हाताशी सहा महिन्यांचे हप्ते आणि घरखर्च भागेल एवढी रक्कम हवी. कर्जात भरलेला पैसा दवाखान्याच्या वेळी परत मागता येत नाही. आणि घरात सोनेतारण, वैयक्तिक कर्ज किंवा मायक्रोफायनान्सचे कर्ज असेल तर ते आधी संपवा. मायक्रोफायनान्सचे व्याज वीस टक्क्यांच्या वर जाते, आणि त्या वसुलीचा जाच इतका वाढला होता की २०२५ मध्ये कर्नाटक सरकारला त्याविरुद्ध अध्यादेश काढावा लागला. बाईमाणसांच्या नावावर असे कर्ज असेल आणि घरात त्यांनी ते सांगितले नसेल, तर आज संध्याकाळी शांतपणे विचारा.

दोन हजार आणायचे कुठून, हे तुम्हीच ठरवले आहे. मी एवढेच सुचवीन की दर वेळी महागाई भत्ता वाढला की त्यातला अर्धा या हप्त्यात घाला. जो पैसा घरात खर्चाला लागलेलाच नाही, तो वळवताना कोणाला त्रास होत नाही.

प्रश्न (आळंद तालुक्यातून एक शेतकरी) : मुलांच्या शिक्षणासाठी कलबुर्गीत घर घेतले, त्यावर बँकेचे कर्ज आहे. आमच्याकडे महिन्याचा पगार नाही. तुरीची रास झाली की जानेवारी-फेब्रुवारीत आडतीवर पट्टी मिळते, तेव्हाच पैसा हातात. एकदम कर्जात भरावा का? जूनमध्ये पेरणीला पुन्हा पैसा लागतो.

उत्तर : भाऊ, तुमच्यासाठी महिन्याचे दोन हजार हा मार्गच नाही. तुमचा मार्ग वर्षातून एकदा, पट्टी हातात आली की एक हप्ता जादा. वरच्याच उदाहरणात, २० लाख, २० वर्षे, साडेआठ टक्के, दर वर्षाअखेर एकच हप्ता जादा भरला तर २४० च्या जागी २०१ हप्त्यांत कर्ज फिटते. तीन वर्षांहून जास्त कालावधी एका राशीच्या थोड्याशा वाट्यातून वाचतो.

पण पेरणीचा पैसा कर्जात घालू नका. बी-बियाणे आणि खतासाठी जूनमध्ये तुम्ही आडत्याकडून उचल घेणार असाल तर तिचा दर गृहकर्जाच्या कितीतरी वर असतो. कलबुर्गीच्या तुरीला २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, त्याचा आपल्याला अभिमान आहे. पण मर रोग लागला की उभे पीक वाळते, हे तुम्ही माझ्याहून जास्त पाहिले आहे. म्हणून एका वर्षाच्या पेरणीचा खर्च बाजूला राहिलाच पाहिजे.

तुमच्या गरजेला बसणारी एक सोय आहे आणि ती आपल्या भागात फार थोड्यांना माहीत आहे : ओव्हरड्राफ्ट पद्धतीचे गृहकर्ज. त्यात खात्यावर पैसे टाकले तेवढ्या दिवसांचे व्याज वाचते, आणि लागले की काढून घेता येतात. फेब्रुवारीत दोन लाख टाकले आणि मृगाला काढले, तर चार महिन्यांचे साडेआठ टक्क्यांनी सुमारे ५,६६० रुपये वाचतात. बँका यासाठी दर किंचित जास्त लावतात, तेव्हा दोन्ही दर समोरासमोर मांडून घ्या. असलेले कर्ज या पद्धतीत बदलून मिळते का, तेही विचारा.

आणि सेवा सोसायटीचे पीककर्ज घाईने फेडू नका. कर्नाटकात सहकारी संस्थांचे अल्पमुदतीचे पीककर्ज वेळेत फेडले तर शून्य टक्के पडते. ते मुदतीच्या शेवटच्या आठवड्यात भरा, पण एक दिवसही चुकवू नका, नाहीतर सवलत जाते. जिथे व्याज नाही तिथे पैसा आधी अडकवण्यापेक्षा तो घराच्या कर्जाकडे वळवणे शहाणपणाचे.

प्रश्न (कलबुर्गीहून एक निवृत्त कर्मचारी) : २०१३ मध्ये हैदराबाद बँकेतून घेतलेल्या कर्जाचे आता ३६ हप्ते उरले आहेत. हप्ता १०,००० रुपये, दर ९ टक्के. मीही जादा भरू का?

उत्तर : तुमच्यासारखी मंडळी अजून हैदराबाद बँकच म्हणतात, आणि आम्हालाही तेच नाव जवळचे. निजामाच्या राज्यात १९४१ मध्ये स्थापन झालेली ही बँक १ एप्रिल २०१७ रोजी स्टेट बँकेत विलीन झाली. तुमचे कर्ज बेस रेटच्या, म्हणजे रेपोशी जोडणी सुरू होण्याआधीच्या काळातले आहे. दर रेपोशी जोडून मिळेल का, हे शाखेत अर्ज देऊन विचारा. दरमहा दोन हजार जादा भरण्याने मात्र आता फारसे साधणार नाही. सहा हप्ते कमी होतील आणि सगळे मिळून साडेआठ हजारांच्या आसपास वाचतील, कारण व्याजाचा मोठा भाग तुम्ही कधीच भरून बसला आहात. निवृत्तीनंतर तो पैसा औषधपाण्यासाठी हाताशी ठेवलेला बरा.

तुम्ही लक्ष ठेवायचे ते कागदांवर. बँका एकमेकींत मिसळल्या की घराचे मूळ कागद एका कार्यालयातून दुसरीकडे जातात. ते कुठे आहेत, हे शेवटच्या हप्त्याची वाट न पाहता आजच लेखी विचारून ठेवा. कर्ज फिटल्यावर ना-देय दाखला घ्या, उपनोंदणी कार्यालयात बोजा उतरवून घ्या आणि नवी ई. सी. (बोजाचा दाखला) काढून तो खरोखर उतरला आहे का ते स्वतः वाचा. कर्ज पूर्ण फिटल्यापासून ३० दिवसांच्या आत मूळ कागद परत देणे बँकेवर बंधनकारक आहे. तिच्या चुकीने उशीर झाला तर १ डिसेंबर २०२३ पासून दर दिवसाला ५,००० रुपये तिने तुम्हाला द्यायचे आहेत.